स्मृतिभ्रंशाच्या माणसाला सांभाळताना आपण आडवं होऊ नये म्हणून

आईंच्या गोळ्यांचा डबा आमच्याकडे फ्रिजवर असतो. सात वारांचे सात कप्पे, सकाळ-रात्र वेगळी. सहा वर्षांत त्यातली एक गोळी चुकली नाही. मागच्या मे महिन्यात मला पोळ्या लाटताना गरगरलं. इथे नागपुरात, मानेवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, वरचा आकडा १७०. "गोळी रोज घेता ना?" मी म्हटलं, घेते. घरी येऊन स्ट्रिप पाहिली. महिन्यापूर्वी आणलेल्या पंधरा गोळ्यांतल्या बारा जशाच्या तशा होत्या. मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच वाटत होतं की मी घेते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८१, अल्झायमरचा स्मृतिभ्रंश. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यांच्यासाठीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. या सहा वर्षांत मला 'स्वतःकडे लक्ष दे गं' असं शंभरेक लोकांनी सांगितलं असेल. कसं द्यायचं ते एकानेही सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. आपल्या देशात साठीच्या वरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे तुमच्या गल्लीत तुम्ही एकट्याच आहात असं वाटत असलं, तरी ते तसं नसणार.

पहिली पायरी: आठवडाभर वही

दमणूक मोजली नाही तर ती दिसत नाही, आपल्यालाही नाही आणि घरच्यांना तर नाहीच. दोनशे पानी वही घ्या, चार रकाने पाडा: वेळ, काम, किती मिनिटं, आणि 'हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं का?' सात दिवस लिहा. सुंदर लिहायची गरज नाही. मी तर गॅसजवळ पेन बांधून ठेवलं होतं.

आठवड्याच्या शेवटी बेरीज केली तेव्हा मी स्वतःच चाट पडले. दिवसाचे साडेअकरा तास. आंघोळीला रोज एक तास वीस मिनिटं, त्यात प्रत्यक्ष आंघोळ पंधरा मिनिटांची, बाकीचा वेळ मनधरणी, रुसवा आणि पुन्हा मनधरणी. रात्री सरासरी तीन वेळा उठणं. आणि यजमानांचा आठवड्यातला वाटा पावणेपाच तास. ते स्वतःच्या अंदाजाने 'निम्मंनिम्मं' करत होते. भांडण झालं नाही, कारण समोर वही होती. आकड्याशी माणूस सहसा भांडत नाही.

मग प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा. 'म' म्हणजे मलाच करावं लागेल, 'द' म्हणजे दुसऱ्याला जमेल, आणि 'न' म्हणजे नाही केलं तरी आभाळ कोसळत नाही. 'म'च्या ओळी तुम्हाला वाटतात त्यापेक्षा फारच थोड्या निघतील. गोळ्या भरणं, दाढी, नखं, बँकेचं काम, केमिस्ट, डायपर आणणं, सगळं 'द'.

दुसरी पायरी: 'न' वर काट मारा

इथे सगळ्यात जास्त वेळ वाचतो, म्हणून थोडं सविस्तर.

रोजची आंघोळ सोडा. एक दिवसाआड आंघोळ, मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने मान, काख, जांघ पुसून घेणं पुरतं. हे नागपुरात मे महिन्यात लिहिते आहे, आणि तरी सांगते की चालतं. नऊवारी तर केव्हाच सुटली होती, साडीचा हट्ट मीच सोडत नव्हते. पुढून बटणांचा गाऊन आला आणि कपडे बदलणं पंचवीस मिनिटांवरून सहावर आलं. "सासूला गाऊन घातला" असं एक नातेवाईक बोलल्या. बोलू दे बाप्पा.

दुसरी काट वादावर. आई काटोलजवळच्या खेड्यातल्या. दुपारी तीन वाजले की सुरू: "माही माय कोठी गेली वं?" सुरुवातीला मी खरं सांगायची की आजी जाऊन चाळीस वर्षं झाली. त्या प्रत्येक वेळी ती बातमी नव्याने ऐकायच्या आणि नव्याने रडायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. खरं बोलण्याचा हट्ट माझा होता, त्याची किंमत दोघी मोजत होतो. आता मी विचारते, "तुमची माय सांडगे कशाचे करायची हो?" कोहळ्याचे, त्या सांगतात, आणि वीस मिनिटं त्यातच जातात. याला खोटेपणा म्हणायचा तर म्हणा. मी त्यांना फसवत नाही, त्या जिथे आहेत तिथे जाऊन बसते.

दिवेलागणीची घालमेल हा वेगळा विषय. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी अस्वस्थता वाढणं नेहमीचंच. बाहेर अंधार पडायच्या आधी घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा. रात्री काचेत उमटणारी स्वतःची छबी त्यांना परका माणूस वाटते. चहा चारच्या पुढे नको. आणि गाणं, आरती, जे काही लहानपणीचं असेल ते. आईंना मुलाचं नाव आठवत नाही, पण तिन्हीसांजेची प्रार्थना त्या एक अक्षर न चुकता म्हणतात. सुरातलं पाठांतर फार उशिरा जातं.

मात्र एक ओळ ठळक अक्षरात लिहून ठेवा. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बिघडला, बरळू लागला, सुस्त झाला किंवा कधी नव्हे तो मारू लागला, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, नवीन औषध, किंवा अंगातलं पाणी कमी होणं, बहुतेक वेळा यातलं काहीतरी निघतं आणि ते बरं होण्यासारखं असतं. नागपूरचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा त्यांना तहान लागल्याचं सांगता येत नाही. मी तासाला अर्धा पेला पाणी, ताक किंवा पन्हं असं ठरवूनच टाकलंय. (डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.) आई अशाच अचानक बिघडल्या तेव्हा दोन आठवडे मी मुकाट्याने काढले होते, नंतर लघवीची तपासणी केली आणि पाच दिवसांच्या औषधाने आई पूर्वपदावर. ते दोन आठवडे मी उगाच झिजले.

तिसरी पायरी: झोप

बाकी सगळं जमलं नाही तरी हे जमवा. आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं आणि त्यांच्याजवळ दुसरं कुणीतरी. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर ही मागणी वाटाघाटीला ठेवायची नाही. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवार यजमानांचे. पहिल्या मंगळवारी मला झोपच लागली नाही, कान तिकडे. चौथ्या मंगळवारी मात्र सकाळी सातला जाग आली आणि मला रडूच फुटलं.

उरलेल्या रात्रींसाठी बारीकसारीक उपाय. झोपण्याआधी लघवीला नेणं, दिवसाची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणणं, सकाळचं ऊन अंगावर घेणं, पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा, मुख्य दाराला नजरेच्या वर कडी, आणि दार उघडलं की वाजणारी छोटी घंटी. त्यांच्या गळ्यात किंवा मनगटावर नाव आणि तुमचा फोन नंबर. एवढं केलं की आपण अर्धवट जागं राहत नाही.

झोपेची गोळी मनाने देऊ नका. त्याने तोल जातो, माणूस पडतो, आणि खुब्याचं हाड मोडलं की तुमचं काम तिप्पट होतं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, केमिस्टकडून घेताना आजार सांगा.

चौथी पायरी: मदत मागणं

'काही लागलं तर सांगा हं' या वाक्याचं उत्तर आपण 'नाही, चाललंय' असं देतो. तिथेच फसतो. पुढच्या वेळी उत्तर तयार ठेवा, आणि त्यात वार, वेळ आणि काम तिन्ही असू द्या.

माझे दीर पुण्याला. त्यांना मी लिहिलं: "भाऊजी, रोज संध्याकाळी पाच वाजता आईंना व्हिडिओ कॉल करा, वीस मिनिटं. त्या वेळात मी अंगणात फिरेन. आणि मावशींच्या पगारातला अर्धा वाटा दर महिन्याच्या एक तारखेला." (मावशी म्हणजे आईंना सांभाळायला ठेवलेल्या मदतनीस.) ते लगेच हो म्हणाले. सहा वर्षं मी मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि त्यांना बिचाऱ्यांना नेमकं काय करायचं तेच ठाऊक नव्हतं! नणंद अमरावतीची. तिच्याकडे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार. पहिल्यांदा ती म्हणाली, "वहिनी, आई तर माझ्याशी छान बोलली, तू म्हणतेस तेवढं काही दिसत नाही." हे तुमच्याकडेही होईल. पाहुणा आला की ही माणसं तासभर ठेवणीतलं वागतात, मग गळून जातात. त्यावर वाद न घालता नणंदेला रात्रभर त्यांच्या खोलीत झोपू दिलं. पहाटे चार वाजता ती स्वयंपाकघरात येऊन बसली. त्यानंतर तिने एकही दुसरा शनिवार चुकवलेला नाही.

घरच्यांना एकत्र बसवाल तेव्हा वही पुढे ठेवा. 'मी किती करते' असं न म्हणता 'आठवड्याचे ऐंशी तास आहेत, कोण किती घेणार' असं विचारा. जो वेळ देऊ शकत नाही त्याने पैसे द्यावेत, जो पैसे देऊ शकत नाही त्याने वेळ. जो दोन्ही देणार नाही त्याने सल्ला तरी देऊ नये.

पाचवी पायरी: राग आणि त्याच्या पलीकडचं

एका दुपारी आईंनी ताटातलं वरण माझ्या अंगावर फेकलं आणि माझा हात वर गेला. खाली आला नाही, पण गेला होता. हे लिहायला मला बरं वाटत नाही. पण सांभाळणाऱ्या माणसांशी बोलले तेव्हा जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एक दुपार निघाली.

तेव्हापासून ठरलेला क्रम असा. त्या सुरक्षित बसल्या आहेत ना, जवळ गरम किंवा धारदार काही नाही ना, हे बघायचं. खोलीबाहेर पडायचं, दार लोटून घ्यायचं. माठातलं पाणी प्यायचं. एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा, जो सल्ला देणार नाही, फक्त 'हं' म्हणेल. माझी शाळेतली मैत्रीण हे काम करते. पाच-सात मिनिटांनी परत गेलं की आईंना काही आठवत नसतं. या आजारातली ही एक सोय.

पण हात खरंच उठला असेल, किंवा त्या झोपल्या असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जेवण जात नसेल, दारूचा किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असेल, तर ही आता नुसती दमणूक नाही. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. 'दोघींनीही संपवून टाकावं' असा विचार एकदा जरी आला असेल तर आजच फोन करा आणि घरात एकाला तरी सांगा. समोरासमोर बोलायचं असेल तर नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, मिहानला एम्स आहे. केसपेपर आपल्या नावाचा काढायचा, त्यांच्या नव्हे. लाज कसली? गुडघ्यासाठी जातोच की. ज्येष्ठांच्या पेन्शन, कायदा किंवा छळासंबंधी माहितीसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

सहावी पायरी: आपलं शरीर

माझी गोळी आता आईंच्या डब्यातच असते. आठवा कप्पा नाही, त्यांच्याच कप्प्यात वेगळ्या रंगाच्या पुडीत. त्यांना देताना मी घेते. बीपी, साखर, डोळे, दात यांच्या तारखा त्यांच्या तारखांसोबत कॅलेंडरवर. उभ्याने जेवणं बंद. त्यांना भरवून झाल्यावर गार पोळी खाण्यापेक्षा मी आधी जेवते, मग भरवते. पोट भरलेलं असलं की भरवताना चिडचिड होत नाही.

कंबर वाचवा. बसलेल्या माणसाला काखेत हात घालून ओढू नका आणि त्यांना तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका. आधी त्यांना खुर्चीच्या कडेपर्यंत सरकू द्या, पावलं जमिनीवर सपाट आणि थोडी मागे, मग पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं. आता वजन आपोआप पायांवर येतं. तुम्ही गुडघ्यात वाकून, अगदी जवळ उभं राहून नुसता आधार द्यायचा. एखाद्या फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून हे शिकून घ्या, तेवढे पैसे वसूल होतात.

सातवी पायरी: कागद

थोडक्यात, पण लवकर. त्यांना समजतंय, सही करता येते, तोवर मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि बँक खात्यावर दुसरं नाव करून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते चालत नाही, मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, बोटांचे ठसे उमटत नसतील तर नोव्हेंबरात बँकेत रांग लावू नका.

आठवी पायरी: 'सुटावं' हा विचार

येतो. सगळ्यांना येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची, म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवायच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तीन वर्षांपूर्वी नणंद घरी होती म्हणून मी गेले. गर्दी ओरडत होती, 'ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत', आणि मीही जीव तोडून ओरडले. पुढच्या क्षणी चरकले. ही पिडा जाणार ती आईंना घेऊनच. म्हणजे मी काय मागत होते? घरी येईपर्यंत ढसाढसा रडले. पुढे समुपदेशन करणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: मला आजार संपायला हवा आहे, आणि मला आई हव्या आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. माणूस समोर असताना त्याचं सुतक पाळणं हेच या आजाराचं ओझं आहे, आणि त्याला रजा नाही. देवळात जाऊन, वहीत लिहून, मैत्रिणीपाशी बोलून, जसं जमेल तसं ते बाहेर काढा.

यातच आणखी एक. कधीतरी अशी माणसं सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवावं लागेल, दिवसापुरतं किंवा कायमचं. ते टाकून देणं नव्हे. फक्त केंद्र बघायला, आधी न सांगता, संध्याकाळी सातनंतर जा. वास घ्या, रात्री किती माणसं ड्युटीवर असतात विचारा, कुणाला खुर्चीला बांधलंय का ते बघा.

नववी पायरी: मावशी ठेवा आणि घराबाहेर पडा

मदतनीस ठेवायची तर गरज पडायच्या सहा महिने आधी. नवा चेहरा ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि तुम्ही मोडून पडल्यावर शिकवायचं त्राण उरत नाही. ब्युरोमार्फत घेत असाल तर विचारा: स्मृतिभ्रंशाचं माणूस आधी सांभाळलंय का, ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी आहे का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण? आमची पहिली बाई एका ब्युरोची, तिला पेशंटला कुठला आजार आहे तेच सांगितलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी ती रडत गेली. चूक तिची नव्हती.

दागिने-पैसे आधीच कुलपात टाका. 'हिने माझ्या पाटल्या चोरल्या' हा आरोप होणारच, तो आजार बोलतो. कुलूप असलं की मावशीही वाचते आणि तुमची रात्रही. पहिला आठवडा तुम्ही घरात थांबा, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत, तिसऱ्या आठवड्यात बाहेर.

बाहेर म्हणजे भाजी आणायला नाही. ते काम झालं. सकाळी सहाला अंबाझरीला किंवा महाराजबागेत एक चक्कर, पोट भरून तर्री-पोहे, काहीही चालेल, फक्त त्यात कुणाचं काही आणायचं नाही. माझं स्वतःचं ठिकाण जरा विचित्र आहे. उन्हाळ्यात गुरुवारी अकरा वाजता मी खापरीला मेट्रोत बसते, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते आणि तिथून परत येते. गार हवा, बसायला जागा, खाली भाजून निघालेलं शहर, आणि तासभर कुणी मला काही विचारत नाही. यजमान हसतात. हसू दे.

मावशींसाठी फ्रिजवर एक कागद आहे. तुम्हीही लावा. आमचा असा:

"आईंना 'आई' म्हणा, 'आजी' म्हटलं की चिडतात. मागून हात लावू नका, समोरून या. पाणी तासाला अर्धा पेला, ठसका लागला तर थांबा, मान खाली. दुपारी माय विचारतील, सांडग्यांचं विचारा. संडासाला दर दोन तासांनी. नाही म्हणाल्या तर दहा मिनिटांनी परत विचारा, जबरदस्ती नको. पडल्या तर उचलू नका, आधी मला, मग डॉक्टरांना फोन. ताप, उलटी, एकदम सुस्ती: फोन. साखर डाव्या फडताळात, वरच्या फळीवर. साखर, चहा, टीव्हीचा रिमोट यासाठी गुरुवारी अकरा ते एक ताईला फोन करू नये."

शेवटची ओळ मावशींनी दोनदा मोडली. म्हणून आता ती लाल पेनाने लिहिली आहे.